उणे धूळ

त्या प्रयोगशाळेत बढती मिळाली की माणसाचा कोट उतरायचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला मात्र लिहिलेल्या नियमांपेक्षा कडक जायचा. नमुने हाताळणाऱ्या सगळ्यांना पांढरा सुती कोट. एकदा का अहवालावर सही करण्याचा अधिकार मिळाला की तो कोट खुंटीला टांगायचा आणि आपल्या कपड्यांत वावरायचं. 'अमक्याचा कोट उतरला' असं कानावर आलं की समजायचं, उद्यापासून त्याला साहेब म्हणायचं आहे.

तिचा कोट गेल्या महिन्यात उतरला आणि पंचाईत झाली, कारण कोटाच्या आत जे होतं ते साहेबासारखं नव्हतं. ढगळ सुती सदरा, बसून बसून गुडघ्यांना पोक आलेली पँट, पायांत सपाट चपला. इतकी वर्षं त्या कोटाने सगळं पोटात घातलं होतं.

पहिल्याच आठवड्यात सिमेंट कारखान्याचा एक व्यवस्थापक अहवाल न्यायला आला. ती नमुन्यांच्या खोलीच्या दारात उभी होती.

"बाई, जरा साहेबांना बोलवा. आणि ती खुर्ची तेवढी पुसून घ्या."

तिने खुर्ची पुसली, स्वतःच तिच्यावर बसली आणि म्हणाली, "बोला."

हा किस्सा डबा खाताना चवीने सांगितला गेला. संचालक मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला आत बोलावलं.

"कामात तुम्ही वाघ आहात हो," ते म्हणाले. "पण वाघालासुद्धा पट्टे लागतात. नाहीतर लोक मांजर समजतात."

मग नणंद मदतीला धावली. नणंद विमा कंपनीत होती आणि सकाळी घरातून निघताना जशी दिसायची तशीच संध्याकाळी परत यायची, हे तिचं घरातलं मोठं भांडवल होतं.

"वहिनी, तू माहितीपत्रकं वाचून वस्तू घेतेस. कपडे अंगाला लावून, बघून घ्यायचे असतात," असं म्हणत तिने दुकानात गडद निळं जॅकेट आणि तशीच पँट काढायला लावली. कापड गुळगुळीत होतं, आतलं अस्तर चमकत होतं. मुठीत चुरगाळून सोडलं तरी सुरकुती नाही. "धुवायचं, झटकायचं, घालायचं. आणि ऐक, आतल्या शर्टाची फक्त कॉलर इस्त्री करायची. बाकीचं कोण बघतंय? मी इतकी वर्षं कॉलरवरच नोकरी केलीय."

सोमवारी ती जॅकेट घालून खोलीबाहेर आली तेव्हा नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "अहो ताई, कोण हवंय आपल्याला? आमची बायको आत आहे."

तिने त्याच्या डोक्यात उशी घातली. पण आरशात तिने स्वतःकडे दोनदा पाहिलं, हेही खरं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम ठोकला. कारखान्याची माणसं उठून उभी राहू लागली. बोलणं तेच, आवाज तोच. पण आता वाक्य संपेपर्यंत कुणी मध्ये बोलत नव्हतं. हे तिला आवडलं. आवडतंय याचा थोडा रागही आला.

आणि त्याच सुमारास फिल्टर बिघडू लागले.

त्यांचं काम हवेतली धूळ मोजण्याचं. कागदासारखी पातळ, गोल, पांढरी चकती, तिला ते फिल्टर म्हणत. आधी तिचं वजन करायचं, मग ती पंपाला लावून कारखान्याच्या आवारात किंवा शाळेच्या गच्चीवर दिवसभर हवा ओढू द्यायची, मग परत आणून पुन्हा वजन. जेवढं वाढलं तेवढी धूळ. ही वाढ इतकी सूक्ष्म की वजनाच्या खोलीत शिंकायची सोय नव्हती. खोली छोटी, बिनखिडकीची. दगडी ओट्यावर काचेच्या पेटीतला तराजू, शेजारी एक धातूची पट्टी. फिल्टरवर स्थिर वीज साचली तर आकडा चुकतो, म्हणून आधी तो त्या पट्टीवरून फिरवायचा आणि मगच पारड्यात ठेवायचा.

तिच्या आधीचे साहेब सही करत, तराजूला हात लावत नसत. तिची सवय वेगळी. सही करण्याआधी प्रत्येक खेपेतले थोडे फिल्टर ती स्वतः पुन्हा तोलून बघायची. दुसऱ्याच्या आकड्याखाली आपलं नाव घालायचं तर निदान त्याची ओळख तरी असावी.

त्या आठवड्यात तिने शाळेच्या गच्चीवरचा एक फिल्टर तोलला आणि तो कोऱ्या वजनापेक्षा हलका भरला. म्हणजे दिवसभर हवा ओढून त्यावरची धूळ उणे झाली होती. तिने पुन्हा तोलला. आता जड. तिसऱ्यांदा तिसराच आकडा, आणि तोही जागेवर थांबेना, हळूहळू सरकत राहिला.

"मॅडमच्या फिल्टरवरची धूळ लाजाळू दिसते," दारातून आवाज आला. "त्या आल्या की पळून जाते."

तो मोजपट्टी होता. खरं नाव होतंच त्याला, पण उंच, सरळसोट बांधा आणि समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत मापून घेणारी नजर यांमुळे हेच नाव पडलं होतं, आणि त्याच्या तोंडावरसुद्धा खपत होतं. तिच्याआधी चार वर्षं नोकरीला लागलेला. कोट त्याचा उतरणार असं सगळेच धरून चालले होते. तिचा उतरला त्या दिवशी त्याने अभिनंदन केलं होतं, पण हात इतक्या पटकन मागे घेतला की जणू तिचा हात गरम होता.

"तुम्ही बघा बरं तोलून," ती म्हणाली.

मोजपट्टी बसला. कोटाच्या बाह्या सारख्या केल्या, फिल्टर पट्टीवरून फिरवला, पारड्यात ठेवला. आकडा आला आणि खिळा ठोकल्यासारखा थांबला. पुन्हा तोलला, तोच. धूळ जेवढी असायला हवी तेवढी होती.

"यंत्र ठीक आहे," तो म्हणाला. उठून त्याने तिच्यासाठी खुर्ची मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिच्या हातून आकडे नाचत, त्याच्या हातून गुमान उभे राहत. तिने तराजूची पातळी तपासली, दार घट्ट लागतं का पाहिलं, प्रमाण वजन ठेवून पाहिलं. तेही तिच्या हातून किंचित डळमळलं, आणि तिने उठून धाकट्या सहायिकेला बसवलं तर स्थिर. धाकटीने काळजीने विचारलं, "मॅडम, तुमचा हात थरथरतोय का?"

"नाही," ती म्हणाली, आणि टेबलाखाली हात पुढे धरून पाहिला. थरथरत नव्हता.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळे डब्यांवर असताना तिने मोजपट्टीला वजनाच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं. त्याने दार हलक्या हाताने ओढून घेतलं, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं ओढतात तसं. तिला पाहून क्षणभर थांबला, मान हलवली आणि निघून गेला.

तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि मग ती पाल काही केल्या गप्प बसेना.

संशयाचं एक बरं असतं, त्याला पुरावा कधी कमी पडत नाही. त्याचा पटकन मागे गेलेला हात. 'यंत्र ठीक आहे.' लाजाळू धूळ. तराजूच्या पातळीचा स्क्रू नखाने फिरवला तरी पुरे, आणि तो पुन्हा जागेवर आणायला क्षण लागत नाही. तिच्या आधी बिघडवायचं, स्वतः बसताना सारखं करायचं. इतकी वर्षं त्या खोलीत काढलेल्या माणसाला काय कठीण?

नणंदेला सांगितलं तर तिने मांडी ठोकली. "मी म्हणतच होते! आमच्याकडे एकीच्या खुर्चीचं चाक ढिलं करून ठेवलं होतं. साहेबांसमोर आपटली बिचारी. पुरुषाच्या पोटात दुखलं की ओवा आपल्याला खावा लागतो."

नवरा म्हणाला, "अगं, कदाचित तराजूच खराब असेल."

"त्याच्यासाठी नाही खराब," ती म्हणाली. नवऱ्याने वर्तमानपत्र वर केलं, आणि त्या वर्तमानपत्राचाही तिला संशय आला.

शुक्रवारी संचालकांनी बोलावलं. पुढच्या बुधवारी तपासणीला परीक्षक बाई येणार होत्या. मान्यता देणाऱ्या मंडळाच्या. प्रयोगशाळेने सही करणारी व्यक्ती बदलली की त्यांचा एक जण येऊन बघतो. त्यांच्यासमोर नव्या सहीवालीने एकच फिल्टर तीनदा तोलायचा आणि तिन्ही आकडे जुळायला हवेत. जुळले तर सही कायम. नाही तर सही दुसऱ्याकडे.

"मोजपट्टी आले होते माझ्याकडे," संचालक टेबलावरचा कागददाब फिरवत म्हणाले. "म्हणत होते, तुमचे आकडे... म्हणजे कामाचा ताण असतो, मी समजू शकतो. तुम्हाला वाटत असेल तर त्यांचंच नाव पुढे करू. गाजावाजा न करता."

"मला तसं वाटत नाही," ती म्हणाली. जॅकेट घातलेलं असल्याने वाक्य ऐटीत बाहेर पडलं.

त्याच दुपारी तिने वजनाच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. सांगितलं, तपासणी होईपर्यंत किल्ली माझ्याकडे, कुणाला तोलायचं असेल तर मी उघडून देईन. धाकटी गोंधळली. मोजपट्टीने तिच्या खिशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाला, "बरं."

सोमवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. कुलूप तसंच. दाराच्या फटीत तिने शुक्रवारी कागदाचा बारीक कपटा अडकवून ठेवला होता, तोही तसाच. शनिवार-रविवार खोलीत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. ती बसली, पातळी पाहिली, फिल्टर पट्टीवरून फिरवला, पारड्यात ठेवला.

आकडा सरकू लागला.

ती त्या सरकत्या आकड्याकडे बघत राहिली. तिला आधी रडू येईल असं वाटलं, पण आली ती एक जुनी, थंड सवय. महाविद्यालयात शिकवलेली. प्रत्येक वेळी चूक होते तेव्हा प्रत्येक वेळी काय हजर असतं ते बघा. मोजपट्टी आज हजर नव्हता. कुलपाने त्याला संशयातून सोडवलं होतं. हजर होती ती एकटी.

बरं, तीच. पण ती तर इतकी वर्षं याच तराजूवर तोलत होती, आणि तेव्हा बोट दाखवायला जागा नव्हती. मग महिन्याभरात तिच्यात काय बदललं? सही आली. राग आला. झोप कमी झाली. तराजूला यातलं काहीच कळत नाही.

तिने फिल्टर काढायला चिमटा पुढे नेला. चिमट्यातली चकती कलली आणि तिच्या बाहीकडे झेपावली. नुसती पडली नाही. झेपावली, आणि गडद निळ्या कापडाला जाऊन चिकटली.

शेजारच्यांच्या मुलांना कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवायची ती. मुलं टाळ्या वाजवायची.

ती उठली. जॅकेट काढलं, खोलीबाहेर खुंटीला टांगलं. तिथेच तिचा जुना कोट होता, तो चढवला. आत आली, तोललं. आकडा खिळला. पुन्हा, तोच. मग तिने जॅकेट आणून हाताने अस्तर चोळलं आणि पेटीच्या काचेजवळ धरलं. पारड्याला कुणीही हात लावला नव्हता, तरी आकडा चळला. जॅकेट दूर नेलं, परत आला. जवळ, चळला. दूर, परत. ती लहान मुलीसारखी कितीतरी वेळ तेच करत राहिली. मग पँटचा संशय आला. ती तर अंगावरच होती. पण लांब सुती कोटाखाली ती गप्प होती.

थंडीने हवा कोरडी पडलेली, गुळगुळीत कापड, आत चमकतं अस्तर. चालताना, खुर्चीवर बसताना अंगावर वीज साचत होती. फिल्टरवरची वीज घालवायला पट्टी होती. पण पट्टीवरून माणूस कुणी फिरवत नाही. आणि आधीचे साहेब भारी कपड्यांत कधी तराजूजवळ आलेच नव्हते. ज्यांचा कोट उतरायचा त्यांचं तोलणंही संपायचं. कोट उतरल्यावरही तोलत बसण्याची खोड फक्त तिची.

बुधवारी ती जुना सदरा, पँट आणि वर पांढरा कोट अशी आली. संचालक दारातच होते.

"आज? नेमकं आज कोट? जॅकेट कुठे आहे?"

"घरी."

"अहो, त्या बाई मोठ्या करड्या आहेत. पहिली छाप..."

"छाप पाडू की आकडा जुळवू, सर? दोन्ही एकदम होत नाहीये."

पुढे बोलायला वेळ नव्हता. परीक्षक बाईंची गाडी आली होती.

बाई पन्नाशीच्या होत्या. काळं जॅकेट असं की त्यावर माशी घसरावी. त्या सरळ आत आल्या आणि मोजपट्टीसमोर हात पुढे केला. तपासणी म्हणून तो आज कोट काढून, टाय लावून आला होता. "सही आपली?"

मोजपट्टीने हात मिळवला. "नाही," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. कोटाच्या बाहीवरचा जुना डाग, सपाट चपला. "तुम्ही? मला वाटलं, इथे सही करणारे कोट घालत नाहीत."

"घालत नव्हते," ती म्हणाली. "खोली इकडे आहे."

ती तराजूसमोर बसली. बाई तिच्या खांद्याशी, अगदी काचेपाशी वाकल्या. आकडा स्वतः बघायचा होता त्यांना. संचालक आणि मोजपट्टी दारात. तिने फिल्टर ठेवला. आकडा आला आणि सरकायला लागला.

मागे कुणीतरी श्वास सोडला. कुणी ते तिने पाहिलं नाही. ती काळ्या बाहीकडे पाहत होती.

"पहिला आकडा लिहू का?" बाईंनी विचारलं. आवाजात नाराजी नव्हती. निकाल ठरून गेल्यासारखं काहीतरी होतं.

"नको," ती म्हणाली. "मॅडम, तुम्हाला जॅकेट बाहेर काढून यावं लागेल."

संचालकांनी डोळे मिटले.

"माझं जॅकेट?" बाई म्हणाल्या. "मी बरीच वर्षं तपासण्या करतेय. तराजू चालला नाही की लोक हवेला दोष देतात, विजेला देतात. माझ्या कपड्यांना अजून कुणी दिला नव्हता."

"एक पाऊल मागे या. नुसतं एक."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि मागे सरल्या. आकडा परतीच्या वाटेला लागला.

"आता हात पुढे करा. काचेला लावू नका."

काळी बाही पुढे आली. आकडा चळला. बाहीने हळूच माघार घेतली, आकडा मागे आला. बाईंनी पुन्हा करून पाहिलं, मग अजून एकदा, मुलं टाळी वाजवण्याआधी करतात तसं.

"मग काढते," त्या म्हणाल्या. पण काढेनात. बटणावर बोटं तशीच. मग जरा खाली वाकून, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शर्टाची नुसती कॉलर इस्त्री केलीय हो मी."

तिला हसू आवरेना. "खुंटीवर माझा दुसरा कोट आहे. तो घाला वरून."

बाई जॅकेट बाहेर टांगून, पांढरा कोट घालून आत आल्या. बाह्या मनगटापर्यंत पोचत नव्हत्या. आता त्या दोघी शेजारी दिसायला सारख्याच होत्या. खुर्ची पुसायला दोघींपैकी कुणालाही सांगितलं असतं. तिने फिल्टर तोलला. पुन्हा तोलला. पुन्हा. बाईंनी तिन्ही आकडे लिहिले, त्यांच्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, "जुळले."

त्या गेल्यावर वजनाच्या खोलीत ती आणि मोजपट्टी उरले. तिने खिशातून किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

"जेवणाच्या सुट्टीत तुम्ही इथे काय करत होता?" तिने विचारलं.

"तुम्ही तोललेले फिल्टर पुन्हा तोलत होतो. मला वाटलं, तुम्ही न तोलताच आकडे लिहिताय. म्हणून संचालकांकडे गेलो."

"मला वाटलं, तुम्ही तराजू बिघडवताय."

"किल्ली नेलीत तेव्हाच कळलं." त्याने टायची गाठ सैल केली. "विचारायचं होतं सरळ."

"तुम्हीही."

मोजपट्टीने किल्ली उचलली, खुंटीवर अडकवली आणि टाय काढून खिशात कोंबला.

पुढच्या महिन्यापासून वजनाच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला, सही असो वा नसो, सुती कोट सक्तीचा झाला. ती तर दिवसभर कोटातच असायची. जॅकेट तिने नणंदेला देऊ केलं, पण नणंद म्हणाली, "ठेव गं. बँकेत जाताना घाल. तिथे तराजू नसतो."

आणि एकदा तो सिमेंटवाला व्यवस्थापक पुन्हा आला. ती आणि मोजपट्टी दोघंही कोटात, नमुन्यांच्या टेबलापाशी. त्याने तिच्यावरून नजर नेली आणि मोजपट्टीला नमस्कार केला. "साहेब, अहवालावर आपली सही..."

मोजपट्टीने उत्तर द्यायला किंचित उशीर केला. फार नाही, तिच्या कानांना ऐकू यावा एवढाच.

"साहेब त्या," तो म्हणाला.

तिने हात पुसले आणि सहीसाठी पेन शोधू लागली. शोधता शोधता तो उशीर मनात एकदा तोलून पाहिला. मग पुन्हा एकदा. आकडा काही केल्या थांबेना.